१८९७ चा प्लेग आणि रोग्याच्या घरचीं माणसें

सरकारी दवाखान्याविषयीं आपल्या घरांतून जें बोलणें नित्य कानावर पडतें त्यांत दोन तक्रारी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात कीं, बोलणाऱ्यासहि त्या निराळ्या करतां येत नाहींत. एक अशी कीं, तेथें वेळ फार लागतो. आणि दुसरी अशी कीं, तेथें कोणी कांहीं सांगत नाहीं. पहिलीचें मूळ पैशाच्या, माणसांच्या आणि खाटांच्या टंचाईंत आहे, आणि टंचाई समजावून दिली तर मनुष्य ती सोसतो. रांगेंत उभें राहण्याची संवय आपल्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परंतु आंत नेलेल्या आपल्या माणसाचें काय झालें, हें चार शब्दांत सांगणारा कोणी नसला म्हणजे जो संताप होतो त्याची जातच वेगळी. त्यांत भीति असते, अपमान असतो, आणि आपल्या माणसावरचा आपला हक्क कोणी परस्पर काढून घेतला अशी भावना असते. या दुसऱ्या तक्रारीचा इतिहास पाहूं गेल्यास, आमच्या मतें, १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगपाशीं जाऊन थांबावें लागतें.

त्या प्लेगवर मराठींत थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. पण रँडसाहेब, चाफेकर बंधु आणि टिळकांवरील खटला हे विषय एकदां निघाले कीं, पुढें सर्व राजकारणच सुरू होतें. ज्याला शिपायांनीं घरांतून उचलून नेलें तो रोगी, आणि त्याला कोठें नेलें हें ज्यांस कळेना तीं घरचीं माणसें, यांची गोष्ट त्या राजकारणाच्या गर्दींत मागें पडली. ती येथें थोडी पुढें ओढावयाची आहे.

त्यासाठीं आम्हीं एक रस्ता हाताशीं धरला आहे. पुण्याहून सोलापूरकडे निघाल्यावर सुमारें चाळीस किलोमीटरांवर, उरुळी कांचन मागें टाकून यवत गांठण्यापूर्वीं, कासुर्डी हें गांव लागतें. हल्लींच्या दौंड तालुक्यांतील, जुन्या भीमथडीच्या पट्ट्यांतलें हें गांव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव शोधण्याच्या भरीस वाचकांनीं पडूं नये. परंतु नकाशावर त्याच्या दोहों बाजूंस बोट फिरवावें. पुण्याच्या अंगास उरुळी आणि त्याच्याहि अलीकडे हडपसर. दौंडच्या अंगास केडगांव. रोग्याशीं व त्याच्या माणसांशीं कसें वागावें, या प्रश्नाशीं या तिन्ही ठिकाणांचा संबंध आलेला आहे. कासुर्डीचा मनुष्य आजहि आजारी माणूस घेऊन निघतो तो याच रस्त्यानें. यवतला, दौंडला, नाहीं तर थेट पुण्यास ससूनमध्यें.

आतां दिरंगाईपासून आरंभ करूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं एक रोगी तपासला आणि हा गांठीचा प्लेग आहे असें सांगितलें. व्हिएगस मुंबईच्या नगरपालिकेचे सभासदहि होते, तेव्हां त्यांचें म्हणणें अगदींच वाऱ्यावर जाण्याजोगें नव्हतें. तरीहि तें मान्य करण्यास अधिकारीवर्ग कचरला. मुंबई हें साऱ्या जगाशीं व्यापार करणारें बंदर. प्लेग हा शब्द एकदां उच्चारला कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या मालास व उतारूंस बंद होणार. म्हणून कांहीं काळ ‘गांठीचा ताप’ असें सौम्य नांव देऊन वेळ काढण्यांत आला. रोगाला नांव देण्यास केलेला हा उशीर लहान दिसतो, पण लोकांच्या मनांतील अविश्वासाचें बीं तेथेंच पेरलें गेलें. काल ज्यांनीं ‘घाबरण्याचें कारण नाहीं’ म्हणून सांगितलें, तेच आज दाराशीं येऊन ‘रोगी बाहेर काढा’ म्हणूं लागले, तर त्यांच्या दोन्ही बोलण्यांवर विश्वास ठेवणार तरी कसा?

आणि तसेंच झालें. ऑक्टोबरच्या आरंभीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यांस सक्तीनें वेगळें काढण्याचा हुकूम सोडला. दिरंगाईनंतर एकदम सक्ती, आणि मधली समजावणीची पायरी गाळलेली, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें पुण्यांत याचीच आवृत्ति निघाली. ऑर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयांत रोगी नेऊं लागले. ज्यांस नेलें त्यांतील बहुतेक आधींच मरणाच्या दारांत असल्यामुळें परत येणारे थोडे. आंत काय चालतें हें बाहेरच्यांस कळण्याची सोय नव्हती. तेव्हां लोकांनीं तें आपल्या कल्पनेनें भरून काढलें. रोग्यास उलटें टांगून त्याची मोमियाई काढतात, ही जुनी दंतकथा चाळींतून पुन्हा जिवंत झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांचा मोठा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. आजचें कस्तुरबा रुग्णालय तें हेंच.

मोमियाईच्या गप्पांस अडाणीपणा म्हणून हंसणें सोपें आहे, आणि त्या वेळचे इंग्रजी पत्रकर्ते हंसलेहि. आम्हांस वाटतें कीं, अफवा ही बहुधा बातमीच्या रिकाम्या जागेंत वाढते. त्या वेळचें सरकार लोकांशीं कोणत्या भाषेंत बोलत होतें याचा एक नमुना पुरेसा आहे. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर मुंबईंत ‘यू. एच्. एच्.’ हीं तीन अक्षरें रंगविलीं जात. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं हीं आद्याक्षरें. तीं ज्यांच्या भिंतीवर उमटत त्यांतल्या शंभरांत एखाद्यास तरी वाचतां येत होतीं कीं नाहीं, कोण जाणे! स्वतःच्या घराबद्दलचा निकाल त्या घराच्या धन्याला परक्या लिपींत आणि तोहि संक्षेपानें कळविण्याची ही तऱ्हा होती.

पुण्यांत मुंबईहून आलेले रोगी ऑक्टोबर १८९६ मध्येंच आढळले होते, आणि वर्षाखेरीस रोग शहरांत मुरला. म्हणजे तयारीस वेळ नव्हता असें म्हणतां येत नाहीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. व्हेनिस येथें युरोपांतील राष्ट्रांची आरोग्यपरिषद त्याच सुमारास भरत होती आणि हिंदुस्थानावर जगाचे डोळे होते, हेंहि त्या घाईचें एक कारण. त्याच महिन्यांत वॉल्टर चार्ल्स रँड हे सिव्हिलियन गृहस्थ साताऱ्याकडून पुण्यास आले. ते प्लेग कमिटीचे अध्यक्ष. कर्नल फिलिप्स व लष्करी डॉक्टर बेव्हरिज हे तिचे सभासद. बेव्हरिज यांनीं १८९४ सालचा हाँगकाँगचा प्लेग पाहिलेला होता, आणि तेथें गोऱ्या सोल्जरांकडून घरें साफ करवून घेण्याची जी रीत पडली तीच पुण्यांत आली. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या आणि १९ मेपर्यंत चालल्या.

त्या सव्वादोन महिन्यांचें वर्णन येथें पुन्हा करीत नाहीं. तें शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. कमिटीचे लेखी हुकूम वाचले तर ते कांहीं राक्षसाचे वाटत नाहींत. लोकांच्या चालीरीतींस जपावें, मालमत्तेस हात लावूं नये, झडतीच्या टोळीबरोबर गांवचा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ असावा, अशी त्यांत व्यवस्था आहे. पण हुकूम इंग्रजींत, ते पाळणारे सोल्जर डरहॅमचे, आणि ज्यांचें दार फोडलें जाणार ते कसबा पेठेंतले. कागदावरचें सौजन्य दारापर्यंत पोंचेपर्यंत त्याचें काय होतें, हें सरकारी कचेरींत एकदां तरी खेटा घातलेल्या वाचकास सांगण्याची जरुरी नाहीं.

खरी गोम याच्याहि पुढें आहे, आणि ती फारशी कोणीं मांडलेली आमच्या वाचनांत नाहीं. रोगी सांपडला कीं त्याला प्लेगच्या रुग्णालयांत नेत. आणि त्याच्या घरच्यांस, संसर्ग झाला असेल या भीतीनें, दुसरीकडे विभक्त छावणींत नेत. घर रिकामें करून धुवून काढीत, जमीन उकरीत, कित्येक चीजवस्तु जाळीत. वैद्यकाच्या तेव्हांच्या समजुतीप्रमाणें हें सर्व सुसंगत होतें. परंतु परिणाम काय झाला तो पाहावा. रोगी एकीकडे, माणसें दुसरीकडे, आणि ज्या घरीं निरोप धाडावा तें घर ओसाड. बाप वांचला कीं गेला, हें मुलाला कळावें कसें? मृत्यूची नोंद झाल्यावांचून प्रेत हलविण्यास बंदी होती. म्हणजे मेलेल्याची बातमी सरकारास कळविणें हें रयतेचें कर्तव्य, पण मेलेल्याची बातमी रयतेस कळविणें हें सरकारचें कर्तव्य असें मात्र कोठेंहि मानलेलें दिसत नाहीं. बातमी एकाच दिशेनें, खालून वर, जावयाची होती.

अशा स्थितींत लोकांनीं रोगी लपविले. कोणी माळ्यावर, कोणी शेजाऱ्याकडे, कोणी रातोरात परगांवीं. सरकारला यांत हट्ट व अज्ञान दिसलें. आम्हांस यांत एक अगदीं साधा हिशेब दिसतो: घरीं मेला तर आपल्या हातून पाणी तरी मिळेल. या लपवालपवीनें साथ फैलावली हें निर्विवाद आहे. म्हणजे दोन शब्द न सांगण्याची किंमत शेवटीं साथ आटोक्यांत आणूं पाहणाऱ्यांनींच मोजली.

लोकनायक या काळांत कोठें होते, असें कोणी विचारील. पुष्कळसे गांव सोडून गेले होते, आणि त्याबद्दल टिळकांनीं ‘केसरी’ंत त्यांची कानउघाडणी केली. टिळक स्वतः राहिले. रोग्यांस वेगळें काढण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. त्यांनीं हिंदूंसाठीं निराळें प्लेग रुग्णालय काढण्यांत पुढाकार घेतला आणि तेथें जात येत राहिले. फरक काय तो इतकाच कीं, तेथें रोग्याजवळ जो उभा असे त्याची भाषा रोग्यास कळे.

तोच फरक मुंबईंतहि मोठ्या प्रमाणावर दिसून आला. तेथें मार्च १८९७ मध्यें ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली गेली. गॅटेकर हेहि लष्करी गृहस्थ आणि कायदाहि तोच. पण त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या पुढाऱ्यांस बोलावून घेतलें, आणि त्या त्या समाजास आपापलीं रुग्णालयें काढण्याची मुभा दिली. पारशी, जैन, खोजे इत्यादि समाजांचीं रुग्णालयें उभीं राहिलीं. मुंबईंत सर्व गोडीगुलाबीनें झालें असें नव्हे. मार्च १८९८ मध्यें तेथेंहि दंगा झाला. परंतु १८९७ च्या त्या उन्हाळ्यांत पुण्यास जो वणवा पेटला तो मुंबईस पेटला नाहीं, याचें श्रेय आम्हीं बव्हंशीं या एका धोरणास देतों. रँड हे गॅटेकरांहून दुष्ट होते असें मानण्याची गरज नाहीं. ते कष्टाळू व स्वच्छ हाताचे अधिकारी असावेत. त्यांना फक्त बोलणें हें आपल्या कामाचा भाग वाटत नव्हतें.

आतां केडगांवकडे वळूं. कासुर्डीहून यवत ओलांडून पुढें गेलें म्हणजे चौफुल्यावरून डावीकडे केडगांवचा फांटा फुटतो. तेथें पंडिता रमाबाईंनीं शेतजमीन घेतलेली होती. त्यांचें शारदासदन पुण्यास होतें. १८८९ सालीं मुंबईंत स्थापन होऊन पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा आणल्या. इतकीं नवीं माणसें प्लेगच्या दिवसांत पुण्यांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली, तेव्हां त्यांनीं त्या मुलींस केडगांवच्या शेतावर नेलें. पुढें ज्याचें ‘मुक्ति’ असें नांव झालें त्या संस्थेची मुळें अशा रीतीनें प्लेगच्या हुकुमांत आहेत.

मे १८९७ मध्यें रमाबाईंनीं ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकास पत्र लिहिलें. पुण्याच्या प्लेग रुग्णालयांतील व छावणींतील व्यवस्था स्त्रियांच्या दृष्टीनें किती वाईट आहे, हें त्यांत त्यांनीं निर्भीडपणें मांडलें. त्यांच्या सदनांतील एका मुलीस प्लेगच्या संशयावरून रुग्णालयांत नेण्यांत आलें होतें, आणि ती मुलगी त्यांस अंतरली. रमाबाईंनीं याचा दोष तेथील ढिलाईवर आणि स्त्रियांच्या रक्षणाविषयींच्या बेपर्वाईवर ठेवला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्यांचे आरोप चुकीचे व दिशाभूल करणारे म्हणून फेटाळले.

या पत्राचें महत्त्व पुरतें ओळखलें गेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. सनातनी पुण्याशीं त्यांचा उभा दावा. इंग्रजी राज्याशीं त्यांचें वैर नव्हतें. सोवळें बाटलें म्हणून ओरडणाऱ्यांत त्यांची गणना करणें सरकारसहि शक्य नव्हतें. अशी बाई जेव्हां म्हणते कीं, माझ्या हवालीं असलेली मुलगी तुम्हीं नेलीत आणि तिचें पुढें काय होतें यावर कोणाचें लक्ष नव्हतें, तेव्हां तक्रार धर्माची राहत नाहीं. ती ज्याच्या त्याच्या आईबापाची होते. पुण्यांत त्या दिवसांत हीच तक्रार शेंकडों घरांत होती. लिहितां येणाऱ्या व लिहिलेलें छापून येऊं शकेल अशा फार थोड्या व्यक्तींपैकीं रमाबाई एक होत्या.

त्याच उन्हाळ्यांत गोपाळराव गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस होते. आमच्याच पेशाचे गृहस्थ. फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत. पुण्यांतील स्नेह्यांचीं पत्रें त्यांस जात, आणि त्या पत्रांतून शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या गेल्या. गोखल्यांनीं त्या ‘मँचेस्टर गार्डियन’ंत जाहीर केल्या. पार्लमेंटांत प्रश्न निघाले. सरकारनें पुरावा मागितला. गोखले परत आले आणि पुरावा शोधूं लागले, तों ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांतील कोणी पुढें येण्यास तयार होईना. टिळकांस नुकतीच अटक झालेली, नातू बंधु चौकशीवांचून अडकविलेले. कोण तोंड उघडणार? ऑगस्टमध्यें गोखल्यांनीं बिनशर्त माफी मागितली. ती माफी त्यांस जन्मभर सलली, आणि आपल्यांतील कित्येकांनीं ती त्यांस जन्मभर विसरूं दिली नाहीं. दोष गोखल्यांचा होता तो इतकाच कीं, त्यांनीं ऐकीव बातमीवर विश्वास ठेवला. परंतु ऐकीव बातमीखेरीज दुसरी बातमी त्या शहरांतून निघत होती कोठें? रुग्णालयाच्या दारावर जर रोज रोग्यांची व मृतांची यादी मराठींत लागली असती, नातलगांस ठराविक वेळीं आंत जाऊं दिलें असतें, तर खोटें काय व खरें काय हें निवडण्याचें साधन लोकांच्याहि हातीं राहिलें असतें आणि सरकारच्याहि.

२२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें झालें तें सर्वश्रुत आहे. लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागीं ठार झाले. रँड ३ जुलैस मरण पावले. पुढें चाफेकर बंधु आणि रानडे फांसावर गेले. झडत्या तर महिन्यापूर्वींच थांबल्या होत्या. प्लेग मात्र थांबला नव्हता. पावसाळ्यानंतर तो पुन्हा उसळला.

येथें संवादाच्या दुसऱ्या अंगाकडे वळलें पाहिजे, कारण सांगणें जितकें महत्त्वाचें तितकेंच ऐकणेंहि. प्लेग येण्यापूर्वीं उंदीर मरून पडतात, हें आमच्या खेड्यांतील लोकांस फार लवकर उमगलें. घरांत उंदीर पडूं लागले कीं चूल उचलावी आणि माळावर झोपडी घालावी, ही रीत दख्खनच्या गांवोगांवीं पडली. भीमेच्या कांठचे आमचे वृद्ध स्नेही ‘गांव उठून माळावर गेलें’ या वाक्प्रचारावरून घरांतल्या जन्मतारखा सांगत. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं दाखविलें कीं, उंदरावरील पिसवेच्या द्वारें हा रोग माणसास होतो. तें मत सरकारी प्लेग कमिशननें फारसें मनावर घेतलें नाहीं; १९०५ नंतरच्या संशोधनानें तें सिद्ध झालें तेव्हां कोठें सर्वमान्य झालें. तोंवर भिंती कार्बोलिकनें धुणें आणि जमिनी उकरणें चालूच होतें. घर असें ढवळल्यानें उंदीर शेजारच्या घरांत पळत आणि पिसवाहि बरोबर नेत! उंदरांचें काय झालें, असें झडतीवाल्यांपैकीं कोणी घरच्या बाईस सहज विचारलें असतें तर कदाचित् शास्त्राचीं चार वर्षें वांचलीं असतीं. हें ‘कदाचित्’ आहे. इतिहासांत अशा विधानांस फार वजन नसतें, हें आम्ही जाणतों.

हाफकिन यांच्या लशीचीहि कथा अशीच आहे. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं मुंबईंत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एका बाटलींतील लस टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. दोष लस बनविणाऱ्यांचा नव्हता हें ठरवून तें मान्य करण्यास सरकारास १९०७ साल उजाडलें. पांच वर्षें लोकांनीं काय समजावें?

आतां पुन्हा त्या रस्त्याच्या पुण्याकडील टोंकास. हडपसरच्या बाजूस ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना काढला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई तेथें रोगी गोळा करून आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः पाठीवर घेऊन आणलें, त्यांस रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रँडच्या झडत्या सुरू होण्याआधीं तीनच दिवस! रोग्यास घरांतून बाहेर काढून दवाखान्यांत नेणें, हीच क्रिया दोघांचीहि. एकानें ती बंदुकीच्या पहाऱ्यांत केली, दुसरीनें पाठीवर घेऊन. दुसरीच्या मागें त्या मुलाच्या आईबापांस मूल कोठें गेलें हें विचारीत फिरावें लागलें नसणार.

उरुळी कांचन येथें मार्च १९४६ मध्यें गांधीजी येऊन राहिले आणि निसर्गोपचाराचें केंद्र सुरू झालें. आधीं त्यांचा विचार पुण्यांतील दिनशा मेहता यांच्या उपचारगृहांतच गरिबांची सोय करण्याचा होता. खेड्यांतील गरीब शहरांतील संस्थेंत येणार नाहीं, आपणच खेड्यांत गेलें पाहिजे, असें मनाशीं ठरवून त्यांनीं उरुळी पसंत केली. पुढें मणिभाई देसाईंनीं आपलें आयुष्य तेथें वेंचलें. रामनाम, कटिस्नान आणि माफक आहार यांनीं कोणता रोग कितपत हटतो, याविषयीं आमचें मत आम्ही राखून ठेवतों. पण तेथें गांधीजींपुढें बसलेल्या शेतकऱ्यास आपल्याला काय झालें आहे, काय करावयाचें आहे आणि तें कां, हें त्याच्या समजुतींत येईल अशा बोलींत कळत होतें. हा उपचाराचा भाग कीं उपचाराबाहेरचा, हें डॉक्टरांनीं ठरवावें.

त्याच १९४६ सालीं भोर कमिटीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना रुजली. आज सपाटीच्या मुलुखांत सुमारें ३०,००० वस्तीस असें एक केंद्र असावें असें प्रमाण आहे. त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा रुग्णालय, आणि शेवटीं ससून. शिडी चांगली आहे. मात्र खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर रोगी चढवितांना बहुतेकदां फक्त एक चिठी बरोबर जाते. ती इंग्रजींत, घाईनें लिहिलेली. आणि ती घेऊन जाणाऱ्या माणसास ‘पुढें न्या’ या दोन शब्दांपलीकडे कांहीं सांगितलेलें नसतें.

कासुर्डीकडील आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांस गेल्या कांहीं वर्षांत असेंच पुढें न्यावें लागलें. रात्रीं मोठ्या रुग्णालयांत दाखल केलें. सकाळीं हा मुलगा चहा घेऊन आला तों खाट रिकामी. पाळी बदललेली, नव्या परिचारिकेस कांहीं ठाऊक नाहीं. ‘वर विचारा’, ‘खालीं विचारा’ असें करीत तो चार मजले हिंडला. दोन तासांनीं कळलें कीं, तपासणीसाठीं नेऊन तेथूनच दुसऱ्या कक्षांत हलविलें होतें. वडील बरे होऊन घरीं आले. उपचार उत्तम झाला, पैसाहि लागला नाहीं. तरी तो आम्हांस म्हणाला, “सर, ते दोन तास माझ्या हिशेबीं अण्णा गेलेच होते.” त्या रात्रीं त्या कक्षांत एकटा तरुण डॉक्टर किती रोग्यांमागें धांवत होता, हेंहि त्यानेंच आम्हांस सांगितलें. त्याचा राग डॉक्टरावर नव्हता. कोणावर असावा हें त्याला ठरवितां येत नव्हतें.

१८९७ चा तो कायदा अद्याप जिवंत आहे. मार्च २०२० मध्यें करोनाची साथ पुण्यांत आली तेव्हां महाराष्ट्र सरकारनें त्याच कायद्याचा आधार घेतला. रोगी एकीकडे, घरचीं माणसें विलगीकरणांत दुसरीकडे, आणि रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बातमीसाठीं ताटकळणारे नातलग, हें चित्र पुण्यांत पुन्हा दिसलें. फोन प्रत्येकाच्या खिशांत होता, तरीहि दिसलें. पुष्कळ ठिकाणीं परिचारिकांनीं आपल्या स्वतःच्या फोनवरून रोग्यांस घरच्यांशीं बोलूं दिलें, ही गोष्टहि नोंदवून ठेवली पाहिजे. कोणाचा हुकूम नसतां त्यांनीं तें केलें. कायदा मुळांत अवघ्या चार कलमांचा. त्यांत सरकारास अधिकार दिले आहेत, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे, आणि सद्भावनेनें काम करणाऱ्यावर फिर्याद चालणार नाहीं असें चवथ्या कलमांत म्हटलें आहे. २०२० सालीं त्यांत दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यास कडक शिक्षा ठेवण्यांत आली, आणि ती योग्यच होती. रोग्यास कोठें नेलें आणि तो कसा आहे, हें त्याच्या घरीं कळविण्याविषयीं त्या कायद्यांत १८९७ सालीं एक शब्दहि नव्हता. १२३ वर्षांनीं दुरुस्ती करतांना तो घालावा असें कोणास सुचलें नाहीं.